आधी लग्न, मग कान

ड्वेन हव्रानेक पेट्रोल पंपावर मला पाहून गाडीतून उतरला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की हा काहीतरी वाईट सांगणार. ड्वेन पोल्का नाचाचा बँड चालवतो. नेब्रास्काच्या आमच्या भागात चेक लोकांचं लग्न असो, चर्चचं जेवण असो की कुणाच्या संसाराची पन्नाशी असो, ड्वेनच्या अकॉर्डियनशिवाय कुणाचे पाय हलत नाहीत.

"मायलो, अर्लीनला तूच सांग बाबा," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."

"काय सांगू? तू तोंड उघडशील तर कळेल."

"तिनं माझं अकॉर्डियन लावून दिलं ना परवा, त्याचे वरचे सूर पार गेलेत. कुत्रं रडतंय असं वाटतं. आम्ही सगळ्या बँडवाल्यांनी ठरवलंय, यापुढे ओमाहाला एक जण आहे, त्याच्याकडे द्यायचं. पण तिच्या तोंडावर कोण सांगणार? अगदी माझ्या आजोबांचं अकॉर्डियनसुद्धा तिनंच लावलंय रे."

"म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची."

"तुझं ऐकते ती."

हे धादांत खोटं होतं. अर्लीन पोस्पिशिल माझ्यापासून तीन घरं सोडून राहते. माझी बायको रोझ गेल्यावर आणि अर्लीनचा दुसरा नवरा गेल्यावर आमची कॉफी एकत्र सुरू झाली, मग रविवारचं जेवण, मग नाच. घरं दोन राहिली. मी तिला दर वर्षी लग्नाचं विचारायचो आणि ती दर वर्षी नाही म्हणायची, इतक्या सहज की जणू मी तिला कॉफीत साखर हवी का विचारलंय. दुसरा नवरा एडविन याची स्मृती गेली होती. तो कितीतरी वर्षं म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये पडून होता आणि त्याच्या बिलांनी अर्लीनची सगळी शेती गिळली. आमच्याकडे नवरा-बायकोपैकी एक जण अंथरुणाला खिळला की दुसऱ्याच्या ताटातलं आधी संपतं, मग सरकार मदतीला येतं. "माझ्या खाटेनं तुझं घर खाल्लेलं मला चालणार नाही," असं ती म्हणे. पुढे बोलायची सोय नसे.

शेती गेल्यावर तिच्याकडे उरली ती मागच्या खोलीतली अकॉर्डियनची दुरुस्ती. बापाकडून शिकलेली. आजूबाजूच्या सगळ्या गावांतली वाद्यं तिच्या हाताखालून जात. अकॉर्डियनच्या पोटात पोलादाच्या बारीक पट्ट्या असतात. पट्टीचं टोक हलकेच खरवडलं की सूर चढतो, बूड खरवडलं की उतरतो, आणि जास्त खरवडलं की पट्टी वाया जाते. आता सूर दाखवणारी सुईची यंत्रं आली आहेत, अर्लीनकडेही आहे. पण पोल्काची सगळी गंमत दोन पट्ट्या एकाच सुराला किंचित भांडतात त्यात आहे. ते भांडण किती हवं हे सुई सांगत नाही, कानच सांगतो.

मी गेलो तेव्हा ती डोळ्याला भिंग लावून बसली होती. मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"ड्वेनला काय कळतंय?" ती म्हणाली. "हवा दमट आहे. पट्ट्या दमट हवेत अशाच वागतात."

"आणि रविवारी फादर जेवायला थांबा म्हणाले तर तू 'हो, फार छान झालं प्रवचन' म्हणालीस, ते काय, तेही दमट होतं?"

"ओरडू नकोस. मी बहिरी नाही."

"नाहीस ना? मग तिकडे तोंड कर."

ती रागानं पाठमोरी बसली. टेबलावरचं अकॉर्डियन मी मांडीवर घेतलं. मला वाजवता येत नाही, पण भाता ओढून कळ दाबायला काही अक्कल लागत नाही. मी वरून दुसरी कळ दाबली, ती नीट वाजली. मग सगळ्यात वरची. शिट्टीसारखा आवाज खोलीभर झाला.

अर्लीन हात मांडीवर ठेवून बसली होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "वाजव की. वाट कसली बघतोस?"

मी म्हणालो, "वाजवलं, अर्लीन."

ती वळली नाही. भिंग मात्र काढून टेबलावर ठेवलं.

दुसऱ्याच आठवड्यात मी तिला तालुक्याच्या गावी कानाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. घेऊन गेलो म्हणजे अक्षरशः गाडीत कोंबून. औषधांच्या दुकानात मिळणारी स्वस्त कानयंत्रं तिनं गुपचूप वापरून पाहिली होती, हे मला तिथे कळलं. अकॉर्डियन छातीशी घेतलं की ती यंत्रं किंचाळायची म्हणे. तपासणारी मुलगी गुणी होती. तिनं चांगल्या यंत्रांची एक जोडी नुसती दाखवायला म्हणून अर्लीनच्या कानात बसवली, फोनवरून बारीक बासरी वाजवली, आणि अर्लीनचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे पाहिलं. वादकांसाठी ही वेगळी लावून देता येतात, मुलगी म्हणाली. मग तिनं किंमत सांगितली. त्या पैशात एक बरी जुनी पिकअप गाडी आली असती.

"मेडिकेअर किती देतं?" मी विचारलं. मेडिकेअर म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांचा सरकारी विमा.

"कानयंत्रांना काहीच नाही," मुलगी म्हणाली. तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

अर्लीननं यंत्रं काढून तिच्या हातावर ठेवली. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "खोली बंद करते. झालं तेवढं पुष्कळ झालं."

मला असा संताप आला की मी मक्याच्या शेताकडेला गाडी थांबवली. "बंद करते? माझ्याकडे पैसे पडलेत नुसते!"

आणि ते खरंच पडले होते. शेताला पाणी देणारी मोठी फिरती यंत्रं बनवायच्या कारखान्यात मी उभा जन्म काढला. तिथे दर पगाराला मी थोडे पैसे एका वेगळ्या खात्यात टाकत असे. ती सरकारचीच सोय आहे. आजारपणासाठी बाजूला काढलेल्या पैशांवर कर नाही आणि औषधपाण्याला काढले तरी कर नाही. आता माझ्या वयाला ते दुसऱ्या कशालाही काढता येतात, पण मग सरकार त्यातून आपला घास घेतं. मेडिकेअर लागू झाल्यावर त्यात भर घालणं बंद झालं, पण होतं ते तसंच राहिलं. मी कधी साधा खोकलोही नाही. खातं बाळसं धरत गेलं.

"तुझ्या पैशाला मी हात लावणार नाही," अर्लीन म्हणाली.

"मी लावतो ना हात. तू कान पुढे कर."

"नाही."

घरी येऊन मी माझ्या मुलीला फोन लावला. डेनिस लिंकन शहरात लोकांचे कराचे हिशेब बघते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, त्या खात्यातून तुमचा खर्च चालतो, बायकोचा चालतो. मैत्रिणीचा चालत नाही."

"मैत्रीण काय म्हणतेस? ती काय शाळेतली आहे?"

"सरकारच्या लेखी शाळेतलीच. तुम्ही काढा पैसे आणि त्यावर कर भरा. विषय संपला."

"एक छदाम भरणार नाही! ते पैसे आजारासाठी ठेवलेत, आजारालाच जाणार. त्यात कराचा वाटा कसला?"

"मग लग्न करा," डेनिस चिडून म्हणाली. ती थट्टेनं बोलली होती, पण मी फोन ठेवला आणि सरळ अर्लीनच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"लग्न कर माझ्याशी. म्हणजे कानांचा खर्च खात्यातून होईल. कर लागणार नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की चौकटीतला मी जरा मागे सरलो.

"काय काय म्हणालास? सावकाश बोल, माझ्याकडे तोंड करून."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.

"कर वाचवायला लग्न!" ती म्हणाली. "इतकी वर्षं प्रेमाचं सोंग आणून विचारत होतास, तेव्हा निदान लाज तरी होती. दोन नवरे पुरलेत मी, पण असा हिशेबी कुणी नव्हता. जा घरी."

पुढचे दोन रविवार माझ्या टेबलावर अर्लीनच्या हातचे कोलाचे, ते खसखस भरलेले गोड पाव, आले नाहीत. मीही हट्टाला पेटलो. तिनं बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवलं आणि दिवसभर खिडकीतून तिच्या मागच्या खोलीकडे बघत बसलो. दुसऱ्या सोमवारी ड्वेनचा भाऊ आपलं अकॉर्डियन परत न्यायला आला. दुरुस्त न झालेलं, तसंच. अर्लीन ते स्वतः उचलून गाडीपर्यंत घेऊन आली आणि हसून हात हलवला. गाडी गेली तरी ती रस्त्यावरच उभी होती. तेव्हा माझा हट्ट गेला खड्ड्यात.

डेनिसनं मधल्या काळात शहाणपणाचा दुसरा फोन केला होता. "बाबा, मी चुकून बोलले. लग्न केलंत आणि उद्या तिला नर्सिंग होम लागलं तर तुमचं घर, बचत, सगळं मोजलं जाईल. थोडा कर वाचवायला एवढी जोखीम? कागदावर हा शुद्ध वेडेपणा आहे." हिशेबात माझी मुलगी चुकत नाही. इथेही ती बरोबरच होती.

मी अर्लीनच्या खोलीत जाऊन तिच्या समोरची खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लागेल असा बसलो, म्हणजे माझे ओठ तिला दिसतील.

"मी त्या दिवशी गाढवासारखा बोललो," मी म्हणालो. "आता नीट सांगतो. रोझ आणि मी, आम्ही ते खातं दोघांसाठी उघडलं होतं. म्हातारपणी तिचे गुडघे जातील, माझं काळीज बिघडेल, कुणाचं काय होईल, म्हणून दर पगाराला टाकत गेलो. सहलीला गेलो नाही, पण त्यात टाकले. आणि रोझ गेली एका दुपारी, कपडे वाळत घालताना. मी धावत पोचेपर्यंत संपलं होतं. एक डॉलर वापरायला तिनं मला वेळ दिला नाही, अर्लीन. खात्यात पैसे आणि घरात आजारीच कुणी नाही. तुला कळतंय का ते काय असतं? मला तुझे कान हवेत. पुढे तुझे गुडघे हवेत, तुला विस्मृती आली तर तीही हवी. घर खाल्लं तर खाऊ दे. घर काय, माझ्या उरावर बांधून नेणार आहे का मी?"

मला वाटलं, तिला अर्धं ऐकू आलं नसेल.

"सगळं ऐकलंस का?"

"ओठ वाचता येतात मला. आणि तू खेकसतोस ते शेजारच्या गावात ऐकू जातं." तिनं मुळीच न लपवता डोळे पुसले. "एडविनला मी भेटायला जायचे तेव्हा दर वेळी मनात हिशेब चालायचा, आज किती गेले, उद्या किती जातील. त्याचा हात हातात असताना, मायलो. तसं तुझं होऊ नये एवढंच मला वाटत होतं."

"माझं गणित कच्चं आहे. डेनिसला विचार."

ती हसली. मग म्हणाली, "बरं. करू. पण आधी कान. दोन वर्षं मी न ऐकलेल्याला हो म्हणत आलेय. लग्नाचे शब्द तरी मला ऐकू आले पाहिजेत."

मी आनंदानं इतका वेडा झालो होतो की त्याच दुपारी दवाखान्यात जाऊन यंत्रांची मागणी नोंदवली आणि त्या खात्याच्या कार्डानं आगाऊ रक्कमही भरली. संध्याकाळी फुशारकी मारायला डेनिसला फोन केला.

"बाबा!" ती ओरडली. "लग्न झालं का?"

"होईल ना."

"लग्नाआधीचा खर्च बायकोचा नाही, मैत्रिणीचाच! उद्याच्या उद्या जा, मागणी रद्द करा, पैसे परत त्याच खात्यात येऊ देत. आधी लग्न, मग कान. एक दिवस जरी मागेपुढे झाला तरी चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या मुलीनं माझं म्हणणं दोनदा ऐकलं. "लोक यंत्रं आवडली नाहीत म्हणून परत करतात," ती म्हणाली. "लग्न करायचंय म्हणून कुणी केली नव्हती." पण तिनं पैसे परत पाठवले आणि यंत्रं आमच्या नावानं कपाटात ठेवून दिली.

आता अडलं ते फादरपाशी. चर्चमध्ये लग्न करायचं तर सहा महिन्यांची तयारी करावी लागते, जोडप्यासाठी वर्ग असतात, असं ते म्हणाले. अर्लीन म्हणाली, "फादर, आमच्या दोघांचे मिळून तीन जोडीदार त्या टेकडीवर झोपलेत. अजून कसली तयारी?" फादर हसले, पण नियमापासून हलले नाहीत. सहा महिन्यांत तिच्याकडे एकही वाद्य येईनासं झालं असतं. मग आम्ही ठरवलं की कोर्टात जायचं, चर्चचा आशीर्वाद मागाहून घेऊ.

"पण मला ऐकू येणार नाही," अर्लीन म्हणाली.

"मी सांगेन तुला."

"प्रत्येक शब्द. आणि मधला एकही गाळायचा नाही."

कोर्टाच्या इमारतीत खाली गाड्यांच्या नंबरप्लेट मिळतात आणि वर लग्नं लागतात. डेनिस एक साक्षीदार होती. दुसरा हवा म्हणून प्लेटच्या रांगेतला एक शेतकरी वर आला. त्यानं हात पँटला पुसले आणि आमच्या मागे उभा राहिला. न्यायाधीशबाई तरुण होत्या आणि फार हळू बोलायच्या. त्यांचं पहिलं वाक्य झालं. मी अर्लीनचे दोन्ही हात धरले, तिच्याकडे तोंड केलं आणि तेच वाक्य पूर्ण ताकदीनं म्हटलं. न्यायाधीशबाई दचकल्या.

"हळू, मिस्टर झाबका."

"हळू बोललं तर हिला कळणार नाही, बाई. आणि न कळता ही हो म्हणणार नाही."

त्यांनी अर्लीनकडे पाहिलं, मग चष्मा सारखा केला आणि पुढचं वाक्य माझ्यासाठी थांबून थांबून वाचलं. सुखात आणि दुःखात. मी म्हटलं. श्रीमंतीत आणि गरिबीत. मी म्हटलं. आजारपणात आणि आरोग्यात. ते म्हणताना माझा आवाज फुटला, तरी मी थांबलो नाही. जिन्याखाली रांगेत बोलणाऱ्या लोकांची गडबड बंद झाली होती. अर्लीननं माझे हात घट्ट दाबले आणि माझ्यापेक्षाही मोठ्यानं म्हणाली, "हो. ऐकलं. हो."

तिथून तडक दवाखाना. डेनिस नुकताच मिळालेला दाखला हातात घेऊन आमच्या पुढे चालत होती. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, पैसे कोण भरणार, नातं काय. मी बोलणार इतक्यात अर्लीननं मला कोपरानं बाजूला केलं.

"माझा नवरा," ती म्हणाली.

मी कार्ड पुढे केलं.

तपासणीची खोली लहान, भिंतींना गाद्या लावलेली. मुलीनं यंत्रं कानात बसवली, संगणकावर काहीतरी जुळवलं आणि म्हणाली, "आता." अर्लीन ताठ बसून राहिली. मी तिच्या शेजारी. मला वाटलं ती रडेल, हसेल, माझं नाव घेईल. तिनं हात वर करून आम्हा दोघांना गप्प केलं. मान तिरकी केली. मग माझ्याकडे वळली, कपाळाला आठी घातली आणि खाली वाकून आपला कान माझ्या छातीशी आणला.

"श्वास घे," ती म्हणाली. "आता सोड. पूर्ण."

"अर्लीन, लोक बघतायत."

"सोड म्हटलं ना." ती ऐकत होती. "शेवटी शेवटी शिट्टी येतेय. बारीक, वरची. भाता गळतोय तुझा."

"मक्याची धूळ असेल. सुगीचे दिवस आहेत."

"किती दिवस चाललंय?"

तळघरातून वर येताना मला मध्येच थांबावं लागतं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

"मी कधी आजारी पडत नाही," मी म्हणालो.

"पडत होतास. ऐकणारं कुणी नव्हतं." तिनं मुलीला विचारलं, "इथे छातीचा डॉक्टर कुठे बसतो? आज बसतो का?"

"आज आपलं लग्न झालंय गं," मी म्हणालो. "डेनिसनं हॉटेलात टेबल सांगून ठेवलंय. बदक आहे, डंपलिंग आहेत."

"डेनिस खाईल. खात्यात उरलेत ना पैसे?"

"उरलेत."

"मग ऊठ."

माझ्या अंगात भांडण करायचं बळ होतं, पण ती आधीच कोट घालून दारात उभी होती. बाहेर आलो, आणि सवयीनं मी चालकाच्या बाजूला गेलो, तर तिनं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली.

"गाडी मी चालवते," अर्लीन म्हणाली. "तू नुसता श्वास घे."